पंचवीसच्या आतली गाडी

गाडी म्हणजे काय, हे ठरवण्यात माझ्या नोकरीची सव्वीस वर्षं गेली. लोकांना यात हसण्यासारखं वाटतं. चाकं असतात आणि रस्त्यावरून धावते ती गाडी, हे शेंबडं पोरही सांगेल. कायदा मात्र तसं म्हणत नाही. जी विजेची स्कूटर ताशी पंचवीस किलोमीटरच्या वर धावूच शकत नाही आणि जिची मोटार अडीचशे वॉटच्या आत आहे, ती कायद्याच्या लेखी मोटार वाहन नव्हेच. तिला नंबरप्लेट नाही, आणि चालवणाऱ्याला परवाना लागत नाही.

साताऱ्याहून कोरेगावकडे निघालं की डाव्या हाताला कुंपण घातलेला एक माळ लागतो. आत आठशे मीटरचा लंबगोल रस्ता, मधे गवत आणि एका टोकाला पत्र्याची लांबलचक शेड. हे मंदगती वाहनांचं चाचणी केंद्र, आणि मी, जयवंत शेडगे, तिथला मुख्य परीक्षक. दहा वर्षांपूर्वी या स्कूटरींचं पेव फुटलं तेव्हा त्यांच्या सुरक्षिततेचे नियम लिहायचं काम माझ्या टेबलावर आलं. मी ते मन लावून केलं. त्यातूनच पुढचं सगळं घडलं आणि ते घडवायचा माझा मुळीच इरादा नव्हता.

पहिला नियम तंबाखूमुळे आला. तंबाखू मळायला दोन्ही हात लागतात, आणि पंचवीसच्या वेगात माणसाला वाटतं की गाडी काय, आपली आपण जातेच आहे. लोक पडू लागले. मी लिहिलं: हँडलच्या मुठींवरून दोन्ही हात सुटले की मोटार बंद पडली पाहिजे. कंपन्यांनी मुठींत धातूच्या पट्ट्या बसवल्या. सहा महिन्यांत लोकांनी त्या मुठींना ओले फडके बांधले. ओल्या फडक्यातून बारीकसा प्रवाह जातो, मुठीला वाटतं हात आहे, आणि खरे हात तंबाखूला मोकळे. पाहणीला गेलो तेव्हा एकट्या कराडच्या मंडईबाहेर मी असे एकेचाळीस फडके मोजले.

म्हणून दुसरा नियम: मुठीला जिवंत तळवा ओळखता आला पाहिजे. हे अवघड नाही. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर शरीरभर विजेची एक अतिसूक्ष्म लाट जाते. डावा तळवा एका मुठीवर आणि उजवा दुसऱ्या मुठीवर असेल तर त्या दोन मुठींमध्ये ती लाट मोजता येते. दवाखान्यात छातीला तारा लावून जे करतात तेच, जरा ओबडधोबड. त्याशिवाय तळव्याचा घाम आणि पकडीचा दाब. फडक्याला ठोके नसतात. फडके गेले.

तिसऱ्या नियमात मी चूक केली. हात सुटल्यावर मोटार एकदम बंद पडली की लोक नाकावर आपटायचे. मी एका बैठकीत लिहिलं की हात सुटल्यापासून सहा मीटरच्या आत गाडी थांबली पाहिजे. पुढच्या बैठकीत लिहिलं की थांबताना गचका बसता कामा नये, आणि गचक्याची मर्यादाही घालून दिली. दोन्ही अटी शहाणपणाच्या होत्या, फक्त मी त्या शेजारी शेजारी ठेवून गणित केलं नाही. पंचवीसच्या वेगातली गाडी गचका न देता सहा मीटरमध्ये थांबूच शकत नाही, तिला सोळा तरी लागतात. दोन्ही अटी एकदम पाळायच्या तर एकच वाट उरते. हात सुटण्याच्या आधीच वेग उतरायला लागला पाहिजे.

कंपन्यांनी तक्रार केली नाही. त्यांनी मुठीत एक शिकणारी चिप बसवली आणि तिला एकच प्रश्न दिला: या माणसाचे हात आता सुटणार आहेत का? उत्तर चुकलं की चिपला दंड, पण लवकर सावध होण्याला दंड नव्हता. स्कूटर रात्री चार्जिंगला लागली की दिवसभरात शिकलेलं इतर सगळ्या स्कूटरींना कळवायची. महाराष्ट्रात त्या अकरा लाख होत्या. बावीस लाख तळव्यांना एवढा एकच प्रश्न चार वर्षं विचारला गेला, आणि तो कोण विचारतंय याकडे कुणाचं लक्षही नव्हतं.

मग तक्रारी यायला लागल्या की गाडी विनाकारण हळू होते.

या वर्षी जानेवारीत सरकारने आमच्याकडे प्रकरण पाठवलं. दोष शोधा, नाहीतर दोष नाही असं लिहून द्या. सर्वांत जास्त स्कूटरी बनवणाऱ्या कंपनीने आपली एक अभियंता पाठवली, स्नेहल कोठावळे. तिशीची, बोलायला चुणचुणीत. ती म्हणाली, "सर, कारण सापडलं नाही तरी आम्ही एक मार्चला नवीन प्रोग्राम पाठवतोय सगळ्या गाड्यांना. हात सुटल्यावरच वेग उतरेल, आधी नाही. गचक्याची अट थोडी सैल करून द्या म्हणजे झालं."

मी म्हटलं, आधी चाचणी तर होऊ दे.

आमची चाचणी वर्षानुवर्षं ठरलेली आहे. सीटवर पंचाहत्तर किलोचं वाळूचं पोतं बांधायचं. मुठींना रबरी हात लावायचे, आत मिठाचं पाणी आणि मिनिटाला बहात्तर ठोके देणारं छोटं यंत्र. मागचं चाक जागच्या जागी फिरणाऱ्या रुळावर ठेवायचं आणि चारशे किलोमीटर पळवायची. आम्ही सहा गाड्या पळवल्या. एकही हळू झाली नाही. मी अहवालात 'दोष आढळला नाही' असं लिहून सहीला पेन उचललं.

शेडच्या दाराशी निजाम मुलाणी उभा होता. आमचा चाचणी-चालक, माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. कुठलीही दुचाकी नुसत्या आवाजावरून ओळखतो, आणि तपकिरीची डबी सोडून त्याला कसलंही व्यसन नाही.

"साहेब, एक इचारू का?" तो म्हणाला. "ह्या पोत्याला कधी शिंक येती का?"

"म्हणजे?"

"मला येती. आन् शिंक यायच्या आदी गाडी दम खाती. चार दिस झालं बघतोय. पयल्यांदा वाटलं, आपलाच भास आसंल."

स्नेहल हसली. निजाम हसला नाही. त्याने तपकिरीची चिमूट ओढली, स्कूटरवर बसला आणि रस्त्याला लागला. स्नेहलने हातातल्या पडद्यावर त्याचा वेग लावला. पंचवीस, पंचवीस, पंचवीस. मग चोवीस, एकवीस, सोळा. निजाम समोरच्या वळणावर ताठ बसलेला आम्हाला स्वच्छ दिसत होता, मूठ पूर्ण पिळलेली. अकरा. आणि मग माळभर ऐकू जाईल अशी शिंक आली.

"दोन पूर्णांक तीन सेकंद," स्नेहल म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "दोन पूर्णांक तीन सेकंद आधी कळलं होतं, सर."

आम्ही ते एकोणीस वेळा केलं. निजामचं नाक लालभडक झालं. सतरा वेळा स्कूटरने शिंक आधी ओळखली, आणि दोनदा तिने ओळखली पण शिंकच आली नाही. त्या दोन वेळांनी मी जास्त हादरलो, कारण निजाम म्हणाला, "व्हय, आलती. पर परत गेली."

स्नेहलने ते पुढे समजावून सांगितलं. शिंकेआधी माणूस नकळत खोल श्वास घेतो. श्वास आत जाताना हृदयाचे ठोके किंचित जवळ येतात, तळव्याची पकड केसभर घट्ट होते. आपल्याला यातलं काहीच जाणवत नाही. पण अकरा लाख गाड्यांनी असे श्वास कोट्यवधी वेळा मोजले होते. त्यांना शिंक म्हणजे काय हे माहीत नव्हतं, हृदय म्हणजे काय हेही नाही. त्यांना एवढंच माहीत होतं की ठोक्यांची अशी चाल आली की थोड्या वेळाने हात सुटतात.

"सर," ती म्हणाली, "तक्रारींत काही वेळा गाडी दोन सेकंद आधी नाही, चाळीस-पन्नास सेकंद आधी हळू झालीये."

तिने तीनशे बारा तक्रारींची यादी काढली आणि दोन दिवस बसून साठ लोकांना फोन केले. गाडी हळू झाल्यावर पुढच्या मिनिटात काय झालं, एवढंच विचारायचं. वाईच्या एका शिक्षिकेची साखर उतरली होती आणि ती रस्त्याकडेला बसली होती. फलटणच्या एका गृहस्थांना घेरी आली होती. ते म्हणाले, "बरं झालं, गाडी बिघडली होती म्हणून वाचलो." बहुतेक सगळे असंच म्हणत होते. गाडीच्या बिघाडाला लोक शिव्या घालत होते आणि त्याच श्वासात देवाचे आभार मानत होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी स्नेहलने शेवटचा फोन ठेवला. समोर सहा स्कूटरी ओळीने उभ्या होत्या, रोजच्यासारख्याच, हिरव्या आणि राखाडी. मी नोकरीत पहिल्यांदा एखाद्या यंत्रासमोर उभं राहून आवाज खाली केला.

मग मी यादी पुन्हा वाचायला घेतली. माणसांचे चेहरे मी विसरतो, चेसिस नंबर विसरत नाही. धंद्याची खोड आहे. स्नेहलने काढलेल्या दुसऱ्या यादीत, जिथे तक्रार नव्हती पण हळू झाल्याची नोंद गाडीने स्वतःच ठेवली होती, एक नंबर चौदा महिन्यांत सात वेळा आला होता. शेवटचे चार आकडे ४४१७. सातही वेळा गाडीचा अंदाज होता, हात सुटायला चव्वेचाळीस ते एक्कावन्न सेकंद आहेत.

तो नंबर मी रोज सकाळी आमच्या जिन्याखाली बघतो.

रेवतीशी माझं लग्न झालं त्याला बावीस वर्षं झाली. लग्नाआधी तिच्या वडिलांनी स्वच्छ सांगितलं होतं की मुलीला फिट्स येतात. औषधाने वर्षातून पाच-सहावर आल्या, पण थांबल्या नाहीत. त्यामुळे तिला कधी परवाना मिळाला नाही. ती श्रवणयंत्रांच्या दवाखान्यात काम करते. मी तिला रोज सोडायचो, रोज आणायचो, आणि मधल्या वेळात फोन करायचो. पावणेदोन वर्षांपूर्वी तिने ठरवलं की म्हाताऱ्या लोकांना दवाखान्यात यायला लावण्यापेक्षा आपणच घरोघरी जाऊन त्यांची यंत्रं जुळवून द्यावीत. मी विचारलं, जाणार कशी? काही महिन्यांनी ती स्कूटर घेऊनच आली.

"तुमच्याच पुस्तकात लिहिलंय," ती म्हणाली होती, "ही गाडी गाडी नाही. मग मला परवाना कोण विचारणार?"

आम्ही तीन दिवस बोललो नाही. पण नंतर ती बदलली. संध्याकाळी घरी आल्यावर तिच्याकडे सांगायला इतकं असायचं, कुठल्या आजोबांनी चार वर्षांनी कुकरची शिट्टी ऐकली, कुठल्या आजीने यंत्र लावून घेतल्यावर सुनेचं बोलणं ऐकून ते परत काढून ठेवलं. आणि चौदा महिन्यांत तिला एकही फिट आली नव्हती. निदान मला तसं वाटत होतं.

त्या दिवशी घरी गेलो तेव्हा ती मेथी निवडत होती. मी समोर कागद ठेवला. तिने तारखा वाचल्या आणि जुडी बाजूला ठेवली.

"सातच?" ती म्हणाली. "मला वाटलं आठ."

"रेवती, सात वेळा तू रस्त्यावर पडलीस?"

"पडले नाही. एकदाही पडले नाही. पहिल्या वेळी गाडी हळू झाली म्हणून बघायला उतरले, आणि तशीच कठड्यावर बसले, तेव्हा आली. दुसऱ्या वेळी पण तसंच. तिसऱ्यांदा गाडी हळू झाली तेव्हा मला कळलं. आता हळू झाली की मी कडेला घेते, स्टँडला लावते, चष्मा काढते, पर्स उशाला घेऊन कुशीवर पडते. चार मिनिटांत उठते. तोंड धुते आणि पुढच्या घरी जाते."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"सांगितलं असतं तर काय केलं असतं तुम्ही?"

आम्हा दोघांनाही उत्तर माहीत होतं. मी गाडीची किल्ली काढून घेतली असती.

"अहो, रागावू नका, पण सांगते," ती म्हणाली. "बावीस वर्षं तुम्ही माझ्याकडे बघताय. जेवताना बघता, झोपेत बघता, जिना उतरताना बघता. आता येईल का, मग येईल का. तुम्हाला कधी आधी कळलं? मलाही नाही कळलं. हिला कळतं, आणि ही माझ्याकडे बघत नाही. नुसती हळू होते. माझ्यामागे कुणी नाही असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं."

मी कोथिंबीर आणतो असं काहीतरी पुटपुटलो आणि तिचीच किल्ली घेऊन खाली उतरलो. रस्ता मोकळा होता. मी रागात मूठ पूर्ण पिळली. राग तिच्यावर होता, त्या गाडीवर होता, पण खरं तर माझ्या बावीस वर्षांवर होता. शाळेच्या भिंतीपाशी स्कूटर हळू झाली. समोर कुणी नव्हतं. मी मूठ आणखी पिळली. ती आणखी हळू झाली. मला वाटलं आता छातीत कळ येणार, आणि मी घाबरून वाट बघत उभा राहिलो. कळ आली नाही. काही सेकंदांनी माझे दोन्ही हात मुठी सोडून आपोआप तोंडावर गेले, आणि मी भर रस्त्यात लहान मुलासारखा रडलो. मी रडणार आहे हे माझ्या आधी त्या मुठीला कळलं होतं.

परत गेलो तेव्हा रेवतीने कोथिंबीर कुठे आहे असं विचारलं नाही.

आता प्रश्न अहवालाचा होता. वाळूच्या पोत्याच्या चाचणीवर मी 'दोष नाही' लिहू शकत होतो, आणि ते खोटंही नव्हतं. पण मग एक मार्चला कंपनीचा नवीन प्रोग्राम आला असता आणि अकरा लाख गाड्यांनी चार वर्षांत शिकलेलं एका रात्रीत पुसलं गेलं असतं. खरं लिहावं तर त्याहून वाईट. नियमांच्या समितीच्या अध्यक्षा अनुराधा बर्वे यांच्याशी पडद्यावर बोललो तेव्हा त्यांनी ते सरळच सांगितलं.

"शेडगे, मूठ पिळली तरी जी गाडी हळू होते, ती चालवणाऱ्याचं ऐकत नाही. म्हणजे ती स्वतः ठरवते. स्वतः ठरवणारं यंत्र मंदगतीच्या सवलतीत बसत नाही. ते मोटार वाहन झालं. परवाना लागणार."

"मॅडम, ती वेग वाढवत नाही, हँडल वळवत नाही. फक्त वेग कमी करते. वेग कमी करणाऱ्या भागाला आपल्या पुस्तकात ब्रेक म्हणतात. ब्रेक आहे म्हणून आपण कुणाला परवाना मागत नाही."

बर्वे मॅडमनी ते लिहून घेतलं. "मुद्दा चांगला आहे. पण ब्रेक म्हणायचं तर तो चाचणीत दाखवावा लागतो. वाळूच्या पोत्यावर तो दिसत नाही असं तुम्हीच म्हणता. शिंकेवर मी नियम बदलणार नाही. खऱ्या आजाराच्या वेळी, माझ्या डोळ्यांदेखत चाललेला दाखवा."

"आजार बोलावून येत नाही, मॅडम."

"मग नियमही बदलत नाही."

मी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा रेवती उठली आणि तिची जुनी डायरी घेऊन आली. माझ्या सात तारखांशेजारी तिने तिच्या पाळीच्या तारखा मांडल्या. सातही फिट्स पाळीआधीच्या चार दिवसांत आल्या होत्या. बावीस वर्षं मी फिट्सची वही ठेवत होतो, पण त्या वहीत हा रकाना करावा असं मला कधी सुचलं नव्हतं. तिच्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, असं असतं काही जणींचं, आणि औषध चुकवायचं नाही, जागरण करायचं नाही, या अटीवर त्यांनी हो म्हटलं.

"सतरा, अठरा, एकोणीस फेब्रुवारी," रेवती म्हणाली. "बोलवा त्यांना."

मी तिला बर्वे मॅडमची दुसरी अट सांगितली. तिचं नाव आणि आजार नोंदीत जाणार. तीन दिवसांत काही सिद्ध झालं नाही, तर अशा आजाराचा माणूस रस्त्यावर आहे हे माहीत असून त्यांना डोळेझाक करता येणार नाही. ४४१७ त्याच दिवशी जमा करावी लागेल, आणि पुढे कुठलीच गाडी तिला चालवता येणार नाही.

"न दाखवता एक मार्चला ती मुकी होणारच आहे," ती म्हणाली. "मग वाईच्या त्या शिक्षिका काय करतील?"

सतरा तारखेला बर्वे मॅडम आणि दोन सदस्य माळावर आले. साठीच्या, किरकोळ बांध्याच्या बाई, पायात साधे बूट. शेडसमोर खुर्च्या टाकल्या. रेवती हेल्मेट घालून ४४१७ वर बसली आणि फेऱ्या मारू लागली. तासाला वीस मिनिटं विश्रांती, दुपारी जेवण, पुन्हा फेऱ्या. रस्त्याच्या दोन्ही कडांना गवत आहे, पडली तरी मऊ पडेल, एवढंच मला समाधान. मी मधल्या गवतात उभा राहून तिच्याकडे बघत होतो. सवयच ती.

पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी एका सदस्याने वर्तमानपत्र उघडलं. निजाम चहा देताना माझ्या कानाशी म्हणाला, "साहेब, जिंदगीत पयल्यांदा वहिनींसाठी काय मागावं ते कळंना." मलाही कळत नव्हतं. तिला फिट यावी म्हणून मी मनात प्रार्थना करत होतो, आणि दर वेळी ती समोरून सुखरूप गेली की जीव भांड्यात पडत होता.

तिसऱ्या दिवशी पाच वाजता समितीची गाडी निघणार होती. चार वाजून दहा मिनिटांनी बर्वे मॅडमनी फायलीचा पहिला कागद काढून मांडीवर घेतला. चार वाजून बावीस मिनिटांनी स्नेहल खुर्चीवरून उठली.

पुढे समितीने काय ठरवलं ते आता छापील पुस्तकात आहे, ब्रेकच्या प्रकरणात, बर्वे मॅडमनी स्वतः लिहिलेल्या चार ओळींत. परवान्याचा त्यात उल्लेख नाही. गचक्याची अट तशीच आहे, सहा मीटरचीही. वाळूचं पोतं चाचणीतून गेलं, आणि कंपनीचा एक मार्चचा प्रोग्राम आलाच नाही. मला सांगायचं आहे ते त्या चार ओळींच्या आधीच्या अठ्ठेचाळीस सेकंदांचं.

स्नेहलने कर्ण्यावरून सेकंद मोजायला सुरुवात केली तेव्हा रेवती दूरच्या वळणावर होती. माझी नजर तिच्यावरच होती, आणि मी शपथेवर सांगतो, मला काहीही दिसलं नाही. तिची मान ताठ होती, मूठ पिळलेली होती. तिच्या चेहऱ्यावर, खांद्यांत, कशात काहीसुद्धा फरक नव्हता. आणि तिच्याखाली ती पंचवीसच्या आतली, कायद्याला गाडी न वाटणारी गाडी शांतपणे वेग सोडत होती. अठरा, बारा, सहा. माळावर आवाज नव्हता. रेवतीने तिला अलगद गवतावर घेतलं, थांबवलं, स्टँडला लावलं आणि हेल्मेट काढलं.

"नऊ," कर्ण्यातून आवाज आला. "दहा."

मी धावलो. त्रेपन्नाव्या वर्षी जसं धावता येतं तसं. बावीस वर्षं मी धावतच आलो होतो आणि दर वेळी उशिरा पोचलो होतो. मी पोचायचो तेव्हा लोकांचा घोळका जमलेला असायचा, कुणीतरी कांदा हुंगवत असायचं, कुणी चप्पल, आणि मधे ती.

"एकवीस," स्नेहल म्हणाली, तेव्हा मी तिच्यापाशी पोचलो होतो. कुणी नव्हतं. ती गवतावर बसली होती आणि चष्म्याच्या काड्या मिटत होती.

"आलात?" ती म्हणाली.

मी तिच्याशेजारी बसलो. पुढे काय करायचं ते मला सुचेना. इतकी वर्षं जिची भीती बाळगली ती अजून आलेलीच नव्हती, आणि येणार हे दोघांनाही माहीत होतं. मागे शेडकडे सगळे उठून उभे राहिले होते. बर्वे मॅडमच्या मांडीवरचा कागद खाली पडला होता आणि तो कुणी उचलत नव्हतं.

"चष्मा धरा," रेवती म्हणाली. मी धरला. ती कुशीवर झाली, पर्स मानेखाली घेतली, आणि माझ्याकडे तोंड केलं. "अजून किती?"

"वीसेक सेकंद."

"बराच वेळ आहे की." तिने डोळे बारीक करून माझ्याकडे नीट बघितलं. "दर वेळी शुद्धीवर येते तेव्हा तुमचा रडवेला चेहरा दिसतो मला. आधीचा कधी बघितलाच नव्हता."

"मग?"

"बरे दिसता," ती म्हणाली, आणि तिने हात पुढे केला.

मी तो दोन्ही हातांत घेतला. त्याचे ठोके मला लागत होते. एवढीशी धडधड, त्यात मला काहीही वाचता येत नव्हतं, आणि समोर स्टँडवर उभ्या असलेल्या त्या स्कूटरने त्यातच सगळं वाचलं होतं. कर्ण्यावरचे आकडे चाळिशी ओलांडून गेले. मग स्नेहलने मोजणं थांबवलं.

फिट आली, तेव्हा मी तिथेच होतो.